माधवरावांच्या गाडीचं पाणी

माझा धंदा पाणी गळू न देण्याचा. पुणे-नाशिक रस्त्यावर बावीस वर्षं रेडिएटरचं दुकान चालवतोय. ट्रक असो, एस.टी. असो, नाहीतर कुणा शेटजींची अँबॅसिडर असो, पाणी टिकेनासं झालं की संगमनेरात लोक मच्छिंद्रचं नाव सांगतात. कुठल्या भोकातून पाणी जातंय ते माझ्या बोटांना डोळे मिटूनही कळतं. ही बढाई नव्हे. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की या बाबाला गळती सापडली नसेल. सापडली नाही हे खरंच आहे. पण गळती नव्हतीच. तुमच्या रेडिएटरला मारलेली कथलाची झाळ निवेपर्यंत वेळ आहे, तर सांगतो.

यंदाच्या, म्हणजे त्र्याहत्तरच्या अक्षय तृतीयेची गोष्ट. सकाळी साडेसातला माधवराव गाडी घेऊन दारात आले. मागे पाण्याचे चार डबे बांधलेले.

"मच्छिंद्रा, भंडारदऱ्याला येतोस? तू बरोबर असलास म्हणजे मला काळजी नाही. दिवेलागणीच्या आत परत येऊ."

दुष्काळात धंदा बसलेला होता, हाताला काम नव्हतं. आणि खरं सांगू का, त्या गाडीत बसायची हौस मलाही होती. घरात भाकरी बांधून घेतली आणि निघालो.

माधवराव कालव्याच्या कचेरीत कारकून. सरळ माणूस, हस्ताक्षर सुंदर, आवाज कधी चढायचा नाही. आयुष्यात एकच वेडेपणा केला, तो म्हणजे ही गाडी. जपानी डॅटसन, त्रेसष्ट सालची, बुटकी, लांब नाकाची, वर कापडी टप. नाशिकला कुणा परदेशी साहेबाच्या मोटारखान्यात पडून होती. साहेब मायदेशी निघून गेला होता आणि गाडीत कोंबड्या अंडी घालत होत्या. एकोणसत्तर साली माधवरावांनी ती बैलगाडीवर लादून आणली. तेव्हा अख्ख्या आळीने तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

हिंदुस्थानात तिचा एक सुटा भाग मिळायचा नाही. कार्बोरेटर अँबॅसिडरचा चढवला. पिस्टनच्या रिंगा नगरला एका लेथवाल्याकडून तीनदा कातून घेतल्या, चौथ्यांदा बसल्या. ब्रेकची रबरं, टायर, काचा यांच्यासाठी ते मुंबईला किती खेटे घालत ते त्यांनाच ठाऊक. बढतीवर बदली आली ती नाकारली, कारण नव्या गावी गाडी ठेवायला छप्पर नव्हतं. घराच्या कौलांतून पाणी गळायचं, ती तशीच राहिली. वहिनींच्या हातातल्या पाटल्याही गेल्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मी दोनचार वेळा बोललो, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय मी बोलायला लागलो की प्रेमलावहिनीच मला गप्प करायच्या.

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी माधवराव गाडीखाली आडवे व्हायचे आणि वहिनी कंदील धरून उकिडव्या बसायच्या, नाहीतर रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत असायच्या. मोतिया रंग त्यांनीच निवडला. या गाडीला पुढं दोन जागा आणि मागं एकच, तीही आडवी. बसणाऱ्याची पाठ दाराकडे आणि तोंड चालवणाऱ्याच्या बाजूला. वहिनींनी ती जागा आधीच आपली म्हणून सांगून टाकली होती. मला म्हणाल्या होत्या, "भावजी, पुढं बसलं की रस्ता बघावा लागतो. आडवं बसलं की गाडी चालवताना यांच्याकडं बघता येतं." भंडारदऱ्याचं भरलेलं धरण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गाडी चालू झाली की पहिला फेरा तिकडं, असं ठरलं होतं.

गेल्या साली गणपती उठले आणि तीनच दिवसांत वहिनी गेल्या. पाऊस नव्हता, विहिरींचे तळ लागलेले, गावात जुलाब-वांत्यांची साथ होती. एका रात्रीत सगळं संपलं. मी तेव्हा सासुरवाडीला होतो. परत आलो तेव्हा माधवराव गाडीखाली आडवे झालेले होते. कंदील त्यांनी विटेवर ठेवला होता.

गाडीचा रेडिएटर कुजलेला होता. जाळी मी दुरुस्त केली, पण वरच्या टाकीला जाड तांबं हवं होतं आणि ते बाजारात मिळेना. पौषात एके दिवशी ते वहिनींची कळशी घेऊन आले. माहेरची, तांब्याची, गळ्याशी नाव कोरलेली. "हिची टाकी कर," म्हणाले. मी म्हटलं, "माधवराव, गेलेल्या मान्साचं भांडं हाय. दान द्यायचं असतं." ते म्हणाले, "तिला गाडीतून न्यायचंय ना? मग तिची कळशी गाडीतच राहू दे."

आमच्या वडिलांची एक पद्धत होती. पाण्याचं जुनं भांडं मोडायला आलं की ते आधी काठोकाठ भरायचे, ते पाणी तुळशीला घालायचे आणि मगच कातर लावायचे. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची तहान भागवली त्याला कोरडं कापू नये, म्हणायचे. पण पौषात संगमनेरात कळशीभर पाण्यासाठी बायका झिंज्या उपटत होत्या. तुळशीला कळशी ओतायची छाती कुणाची होती? मी कोरडीच कापली. ती माझी चूक, आणि ती मी मान्य करतो.

तर निघालो. अकोले-राजूरच्या रस्त्याला लागलो आणि माधवरावांनी गाडी सोडली. काय सांगू तुम्हाला! ट्रकच्या केबिनीत हाडं खिळखिळी करून घेतलेला मी माणूस. ही गाडी जमिनीला चाटून पळत होती, वळणावर अंग टाकायची आणि लगेच सावरायची. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया हातोडे थांबवून बघत राहिल्या. मी माधवरावांकडे पाहिलं. गाल आत गेलेले, डोळे खोल, पण चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा. चार वर्षांची उधळपट्टी मला त्या घटकेला पटली. वाटलं, या माणसाकडं एवढं एकच उरलंय, आणि ते चांगलं झालंय.

अकोल्याच्या अलीकडेच उष्णतेचा काटा चढला. गाडी थांबवून मी टाकीचं झाकण उघडलं. वाफ नाही की काही नाही. आत बोट घातलं तर रेडिएटर ठणठणीत कोरडा.

मी आडवा झालो. झाळ बोटाने चाचपली. नळ्या पाहिल्या, खालची माती पाहिली, तेलाची पट्टी ओढून पाहिली. इंजिनात पाणी उतरलं असतं तर तेल पांढरं झालं असतं. तेल स्वच्छ होतं. पाणी कुठंच गेलं नव्हतं आणि तरी नव्हतं. मला रागच आला, कारण काम माझ्या हातचं. अर्धा डबा ओतला, निघालो. पाच मैलांवर काटा पुन्हा वर.

तिसऱ्या वेळी ओतताना मी आवाज ऐकला. रिकाम्या नळीत पाणी शिरताना गुडगुड होते, ती मला रोजची आहे. हा आवाज तसा नव्हता. एक घोट, थांबून दुसरा घोट. माणूस तांब्या वर धरून घटाघट पितो तसा. आणि टाकीतून तापलेल्या धातूचा वास येण्याऐवजी फिनेलचा आणि आंबूस असा आजाऱ्याच्या खोलीतला वास आला.

"माधवराव... ह्यो कसला वास?"

ते डब्याचं झाकण लावायला लागले. मी तांब्यात पाणी घेऊन त्यांच्यापुढं धरलं. ऊन रणरणत होतं. त्यांनी मान हलवली.

"आत्ता नको. तिचं भागलं की पिईन."

गाडीचं म्हणत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. पण त्यांचे ओठ मी तेव्हा नीट पाहिले. फुटून पापुद्रे सुटले होते. या माणसाने आज काय, कालही पाणी घेतलं नसावं. काहीही करून यांना पाणी पाजायचं आणि जिवंत घरी न्यायचं, एवढी एकच गोष्ट तिथून पुढं माझ्या डोक्यात होती.

राजूर ओलांडलं तेव्हा चारही डबे संपले होते. पुढं डोंगराच्या पायथ्याला चार झापांची, झोपड्यांचीच म्हणा, वाडी लागली. माणसं सगळी कामावर गेलेली. एका दारात म्हातारी बसली होती, तिच्याजवळ झाकलेला हंडा. नाव भागूबाई म्हणाली. माधवरावांनी हात जोडून पाणी मागितलं.

"यंत्राला पानी न्हाई द्यायची बाबा," ती म्हणाली. "इहिरीत उतरून वाटीवाटीनं भरलंय. राग धरू नका." मग तिने आमच्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं आणि हंड्यावरचं झाकण काढलं. "पर ती बाई लई तानल्याली हाय. व्हट बघा की तिचं! तिला ह्यो तांब्या द्या आदी."

दुपारी दोनचं ऊन होतं. आडोसा नाही, सावली नाही. टप मागं पाडलेला, गाडी उघडी. आडव्या जागेवर मला मोतिया रंगाचं रेक्झिन दिसत होतं, दुसरं काही नाही.

माधवराव दचकले नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली. दोन्ही हातांत तांब्या धरून ते गाडीशी गेले, गुडघ्यावर टेकले आणि आडव्या जागेवर त्यांनी तो हळूहळू तिरका केला. तांब्यातून धार निघाली, ती मी पाहिली. खाली पडल्याचा आवाज झाला नाही. मी जाऊन हात लावला. त्या उन्हात रेक्झिनने चटका द्यायला हवा होता. ते कोरडं होतं आणि गार होतं.

"आजून मागती बाबा," भागूबाई दारातून म्हणाली. आवाज पार खाली गेला होता. "माज्याकडं आता न्हाई." तिने हंडा आत ओढला आणि झापाचं दार लावून घेतलं. तांब्या परत मागायला ती आली नाही.

गाडीच्या सावलीला बसून माधवरावांनी मला सांगितलं. कारकून टिपण वाचतो तसं, एका सुरात.

"त्या रात्री ती पाणी मागत होती. डॉक्टर सकाळी यायचे होते. आळीतली जाणती माणसं म्हणाली, वांत्या होताहेत तोवर पाणी पाजू नका, पाण्यानं वांती वाढते. मला पटलं. मी... मी घोटभरही दिलं नाही, मच्छिंद्रा. कळशी समोर भरलेली होती. ती रात्रभर कळशीकडं बघत होती. पहाटे म्हणाली, नुसते ओठ तरी ओले करा. मी म्हटलं, थोडी कळ काढ, उजाडेल आता. उजाडलं तेव्हा ती मागत नव्हती."

जी कळशी मी कोरडी कापली ती हीच होती.

"टाकी बसवली त्या दिवसापासून गाडी पिते आहे," ते म्हणाले. "नुसती उभी असली तरी. पहिल्यांदा तो घोट ऐकला तेव्हा मी ढसाढसा रडलो रे. आनंदानं. तेव्हापासून माझ्या वाट्याचं तिलाच घालतो. आज आखिती. लोक घरात मातीची केळी भरून गेलेल्यांना पाणी देतात. मी म्हटलं, तिला धरणावरच नेऊ. तिथं तरी कमी पडणार नाही."

"माधवराव, ऐका माजं," मी म्हटलं. "मी ती टाकी हितंच कापतो. दुसऱ्या पत्र्याची बसवू. कळशी दान करू. तुमी आदी पानी प्या."

"आणि मग ती काय पिईल?"

एवढं बोलून त्यांनी गाडी सुरू केली.

थांबत, इंजिन निववत भंडारदऱ्याला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. धरण कसलं, एक भलामोठा खड्डा. वर भेगाळलेला गाळ, आणि खूप खाली, मधोमध, उरलंसुरलं पाणी. रस्ता सोडून माधवरावांनी गाडी होईल तेवढी काठाला नेली. तिथून पाणी चांगलं दोन फर्लांग, आणि सगळा चढउतार.

सुरुवातीला मीही वाहिलं. लवकर संपावं म्हणून. ती टाकी आणि जाळी मिळून अर्धा डबा पाणी मावतं, हे मी माझ्या हाताने मोजलेलं आहे. आम्ही डब्यामागून डबा ओतला. प्रत्येक वेळी घोट वाजायचे आणि बोट घातलं की आत कोरडं. माझे खांदे भरून आले, मी बसलो. मी स्वतः तिथलं पाणी पोटभर प्यायलो होतो. माधवराव मात्र खांद्यावर डबा आणि तोंड कोरडं, तसेच खाली जायचे आणि वर यायचे. वर आले की आडव्या जागेपाशी वाकून म्हणायचे, "थांब हं, आणतो." चेहरा असा उजळलेला की मला बघवेना. चार वर्षं खपून गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हासुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता.

ऊन कलायला लागलं आणि ते ओतता ओतता गाडीच्या चाकाशी बसले. मी धावलो. ओंजळीत पाणी घेऊन त्यांच्या तोंडाशी नेलं. दात आवळलेले होते. मी जबरदस्तीही केली, खोटं कशाला बोलू? त्यांनी तोंड फिरवलं.

"आधी... तिचं..."

मग मान वळवून आडव्या जागेला विचारलं, "भागलं का गं?"

आम्ही दोघंही कान देऊन राहिलो. वारा नव्हता. त्या उघड्या माळावर पाखरूही नव्हतं. घोट थांबले होते. मला वाटलं, सुटलो. भागलं बहुतेक. आणि मग आवाज आला. टाळूला चिकटलेली कोरडी जीभ सुटते ना, तसा. एकदा. मग पुन्हा.

माधवराव उठले. कसे उठले, देव जाणे. डबा घेतला आणि उताराला लागले. मी दंड धरला तर त्यांनी हळूच माझी बोटं सोडवली, रागावले नाहीत. एवढ्याशा बळानं ती सुटली, कारण माझ्या हातात जोर उरला नव्हता. की मला त्या गाडीपासून ते दूर जायला हवे होते? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय.

गाडीजवळ एकटं थांबायला मी धजलो नाही. वीस पावलांवर, गाडीकडं तोंड करून बसलो. पाठ करायची हिंमत नव्हती. मागं पावलं वाजतील म्हणून वाट बघत होतो. ती वाजली नाहीत.

दिवस बुडाला तेव्हा मी खाली उतरलो. ते पाण्याच्या काठाला सापडले. पालथे, एक हात पुढं केलेला. तोंड आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर. शेजारी डबा, काठोकाठ भरलेला, उभा, सरळ. राजूरच्या डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून लिहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "धरणावर होता ना हो हा माणूस? जीभ तर चार दिवस पाणी न मिळाल्यासारखी आहे."

गाडी ट्रॅक्टरला बांधून संगमनेरला आणली. पुण्याहून माधवरावांचे भाऊ दिवसांना आले, त्यांनी गाडीकडं पाहिलंही नाही. म्हणाले, "या पत्र्यानं आमचं घर खाल्लं. तुम्हीच ठेवा, नाहीतर मोडीत घाला." मी दुकानामागं ठेवली. टाकी कापून काढायला करवत घेतली आणि ठेवून दिली. एकदा कोरडी कापलेली आहे, पुन्हा कापायची माझी ताकद नाही.

त्याऐवजी रोज संध्याकाळी एक कळशी पाणी ओततो. इंजिन चालू करत नाही. सकाळी बघावं तर रेडिएटर कोरडा आणि खालची माती भुसभुशीत. तेराव्याला माझा काही अधिकार नसताना मी ब्राह्मणाला दोघांच्या नावानं पाण्याचे घट दिले. वाटलं, यानं तरी सुटतील.

पाऊस यंदा चांगला झाला. प्रवरा दोन्ही थड्या भरून वाहतेय, विहिरींत हात घातला तर पाणी लागतं. पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक कळशी पुरेनाशी झाली. दोन लागतात. ओतून झाल्यावर मी झाकण लावत नाही, तसाच जवळ उभा राहतो. आधी एक घोट वाजतो, सावकाश. मग बराच वेळ काही नाही. पहिल्याचं होईपर्यंत कुणीतरी थांबलेलं असावं तसं. मग दुसरा वाजतो, तो मात्र घाईघाईचा.